१८२० च्या सिडनीतला कॅथलिक फादर: पगार कोण द्यायचं आणि दिवसभर काम काय असायचं?

मिठाचा_खडा

हल्ली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सला पाठवलेल्या आयरिश कैद्यांबद्दल वाचतेय, एक दीर्घकथा डोक्यात घोळतेय त्यासाठी. जहाजं, बेड्या, फटके, नेमून दिलेले मालक हे सगळं वाचायला भरपूर मिळतं पण फादर आला की माझं गाडं अडतं. वसाहत ब्रिटिश, सरकारदरबारी मान अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चला, कैद्यांमधला मोठा हिस्सा आयरिश कॅथलिक, आणि मग हा आयर्लंडहून आलेला कॅथलिक धर्मगुरू तिथं नक्की कुणाचा माणूस? सरकारचा नोकर की पोपचा? त्याला पगार होता का, असला तर कोण द्यायचं? लग्नं लावायचा अधिकार होता का? मिस्सा (कॅथलिकांची मुख्य प्रार्थना) सोडून दिवसभर करायचा काय? आणि मुळात स्वतःहून तिकडं कोण कशाला जाईल, कैद्याला पर्याय नव्हता पण ह्याला होता ना. माझं पात्र साधारण १८२० ते १८३० मधलं आहे. सिनेमात असतो तसा गोड हसणारा म्हातारा फादर नकोय, चिडणारा, थकणारा, पैशाची चिंता करणारा माणूस हवाय. कुणी वाचलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

जुनी_वही

तुम्हाला पात्र शोधायला लांब जायला नको, तुमच्या काळातला खराखुरा माणूस आहेच, फादर जॉन जोसेफ थेरी. जन्म १७९० चा, आयर्लंडमधल्या कॉर्कचा, मे १८२० मध्ये सिडनीला उतरला, सोबत फादर फिलिप कोनोली. पण त्याच्या आधीचं थोडं सांगतो नाहीतर तो काय परिस्थितीत आला ते कळणार नाही.

ह्या वसाहतीत पहिले कॅथलिक फादर आले ते कैदी म्हणून. १७९८ च्या आयर्लंडमधल्या बंडात हात असल्याच्या आरोपावरून जेम्स डिक्सन, जेम्स हॅरल्ड, पीटर ओ'नील असे तिघे पाठवले गेले. १८०३ मध्ये गव्हर्नर किंगने डिक्सनला मिस्सा करायची परवानगी दिली, पहिली परवानगीची मिस्सा १५ मे १८०३ ची. आता परवानगी कशी तर प्रार्थनेच्या जागी पोलीस उभे राहणार आणि जमलेल्या लोकांत सरकारविरोधी काही बोललं गेलं तर जबाबदारी फादरची. म्हणजे मिस्सा पण तुम्हीच करा आणि पहारा पण तुम्हीच द्या. वर्षभरही नाही टिकलं हे, मार्च १८०४ मध्ये कॅसल हिलला आयरिश कैद्यांनी उठाव केला, डिक्सनला सैन्याबरोबर बंडखोरांची समजूत घालायला नेलं होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही आणि परवानगी गेली. हे तिघे परत गेल्यावर कित्येक वर्षं तिथं एकही फादर नाही. १८१७ मध्ये जेरेमाया ओ'फ्लिन नावाचा एक जण लंडनच्या मंजुरीशिवाय येऊन धडकला, गव्हर्नर मॅक्वारीने १८१८ मध्ये त्याला उचलून जहाजावर घालून परत पाठवला. त्यावरून तिकडं ब्रिटिश पार्लमेंटात आवाज उठला आणि त्या गडबडीतून सरकारने दोन अधिकृत फादर पाठवायचं कबूल केलं, ते हे दोघं.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, पगार सरकार द्यायचं. वर्षाला १०० पौंड प्रत्येकी. अँग्लिकन पाद्र्यांना ह्यापेक्षा बरंच जास्त मिळायचं शिवाय जमिनी वगैरे. आणि पोपच्या बाजूने बघाल तर ह्यांचा वरिष्ठ बिशप बसला होता मॉरिशसला! एडवर्ड स्लेटर नावाचा, त्याच्या अखत्यारीत अख्खा ऑस्ट्रेलिया होता. काही अडलं, सल्ला हवाय, तर पत्र मॉरिशसला, उत्तर येईपर्यंत प्रश्न संपलेला किंवा माणूस मेलेला. म्हणजे कागदावर त्याला दोन मालक, आणि गरजेच्या वेळी पाठीशी एकही नाही. मला विचाराल तर तुमच्या कथेतली खरी मेख इथं आहे.

शिवाय मॅक्वारीने ह्या दोघांना लेखी अटी घालून दिल्या. मिस्सा रविवारी आणि इंग्लंडच्या चर्चच्या सणांना. प्रोटेस्टंट माणसाला कॅथलिक करायचं नाही. नवरा-बायकोपैकी एक प्रोटेस्टंट असेल तर लग्न लावायचं नाही. जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी ठेवून सरकारला वेळोवेळी द्यायच्या. आणि सरकारी अनाथालयातल्या मुलांना, मग ती कॅथलिकांची का असेनात, अँग्लिकन शिक्षण मिळणार, त्यात ढवळाढवळ करायची नाही. ही शेवटची अट थेरीच्या घशाखाली कधीच उतरली नाही, पुढं सगळं त्यावरूनच पेटलं.

दिवसभर काय करायचा? घोड्यावर बसायचा. खरंच. कोनोली १८२१ मध्ये टास्मानिया बेटावरच्या होबार्टला गेला (दोघांचं पटत नव्हतंच) आणि मग पुढची पाचेक वर्षं मुख्य भूमीवर हा एकटा. सिडनीत मिस्सा, मग पॅरामाटा, लिव्हरपूल, कॅम्पबेलटाउन, हॉक्सबरीकाठची वस्ती, मध्येच कुठंतरी कुणी मरतंय म्हणून निरोप आला की तिकडं. ज्या जोडप्यांनी अँग्लिकन पाद्र्यासमोर जायचं नाही म्हणून लग्नच केलं नव्हतं त्यांची लग्नं, आणि आईबापाच्या लग्नात पोरंबाळं सोबत उभी, त्यांचा बाप्तिस्मा त्याच दिवशी. त्यात तुरुंग, इस्पितळ आणि फाशी. फाशीच्या कैद्याजवळ शेवटपर्यंत थांबणं हे त्याच्या कामातलं फार मोठं काम होतं, आणि त्या काळी सिडनीत फाश्या काही कमी नव्हत्या. एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, फाशी जाणाऱ्या माणसाकडं निघालेला असताना नदीला पूर, पलीकडच्या माणसाला हाक मारून दोरी फेकायला लावली, कमरेला बांधली आणि तसाच पाण्यातून ओढत पलीकडं गेला. तिखटमीठ किती लागलंय देव जाणे पण माणूस तसा होता एवढं त्याच्या बाकीच्या आयुष्यावरून पटतं.

रात्री काय, तर कागद. त्याचे कागदपत्र सिडनीच्या स्टेट लायब्ररीत आहेत, भलामोठा ढीग. कुणाला शिक्षा संपायच्या आधी मोकळं राहून काम करायचा परवाना हवाय, कुणाला बायकोला आयर्लंडहून बोलवायचंय, कुणावर अन्याय झालाय, सगळे येणार फादरकडं. लिहिता न येणाऱ्या माणसाला सरकारशी बोलायचं असेल तर दुसरं कोण होतं? माझ्या मते निम्मा फादर आणि निम्मा अर्ज लिहिणारा कारकून, असं पात्र धरलंत तर चुकणार नाही.

नुसतीच_वाचक

मस्त माहिती. एक शंका, चर्च बांधायला पैसे कुठून आले? १०० पौंडात त्याचे घोडे तरी पोसले गेले असतील का? आणि कैद्यांकडं कसले पैसे?

जुनी_वही

कैद्यांकडं अगदीच नसायचे असं नाही, सरकारी काम संपल्यावर उरलेल्या वेळात मजुरी करायची मुभा बऱ्याच जणांना असायची, आणि सुटका झालेले आयरिश तर भरपूर होते, त्यातले काही चांगले सधन झाले होते. वर्गणीची यादी फिरायची. सगळ्यात गंमत म्हणजे वर्गणी देणाऱ्यांत प्रोटेस्टंटही होते, सिडनी तेव्हा तेवढं लहान होतं की समोरासमोर सगळे एकमेकांना धरून होते. थेरीच्या सेंट मेरीज चर्चची पायाभरणी २९ ऑक्टोबर १८२१ ला झाली ती खुद्द मॅक्वारीच्या हस्ते, तोच मॅक्वारी ज्याने तीन वर्षांपूर्वी ओ'फ्लिनला हाकललं होतं. जागा दिली ती हाइड पार्कच्या कडेला, कैद्यांच्या बराकीजवळ, तेव्हा तो शहराचा ओसाड कोपराच.

आता थेरीने काय करावं? लोक म्हणाले छोटं चॅपल बांध. ह्याने आराखडा काढला कॅथेड्रलएवढा. वर्षानुवर्षं नुसत्या भिंती उभ्या आणि छप्पर नाही. सगळे हसायचे त्याला. अर्थात पुढं लोकसंख्या वाढली तेव्हा तेवढीच जागा लागली ही गोष्ट वेगळी.

उलटी_गंगा

वरचं सगळं बरोबर आहे पण जरा दुसरी बाजू पण येऊ दे, नाहीतर कथेत संत बसायचा. थेरींचं कुणाशीच पटलं नाही हे लक्षात घ्या. कोनोलीशी नाही. १८२६ च्या अखेरीस सरकारने त्यांच्या जागी फादर डॅनियल पॉवर यांना पाठवलं, त्यांच्याशी नाही, ते बिचारे १८३० मध्ये वारले. १८३८ मध्ये थेरींना होबार्टला पाठवलं, कोनोली तिथं आधीच निलंबित झालेले आणि वर्षभरात गेले. होबार्टला थेरींनी सेंट जोसेफ्स चर्चचं काम हाती घेतलं आणि कर्ज करून ठेवलं, १८४४ मध्ये बिशप विल्सन आले ते चर्च कर्जमुक्त असेल असं धरून आले होते, मग हिशेबावरून दोघांचं जे जुंपलं ते वर्षानुवर्षं. हिशेब हा प्रकारच त्यांच्या स्वभावात नव्हता. चर्चचा पैसा, स्वतःचा पैसा, कुणी विश्वासाने ठेवायला दिलेला पैसा, सगळं एका पिशवीत.

आणि गरीब फादर असंही म्हणू नका. लोकांनी दिलेल्या आणि सरकारकडून मिळालेल्या जमिनी, गुरं, असं करत त्यांच्या नावावर पुष्कळ मालमत्ता झाली होती, सिडनीच्या उत्तरेला पिटवॉटरजवळच्या जमिनीत तर त्यांनी कोळसा शोधायला खोदकाम करवलं. मिळाला नाही. २५ मे १८६४ ला सिडनीतल्या बालमेनला वारले तेव्हा मालमत्तेचा मोठा वाटा जेझुइट ह्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाला गेला. स्वतः ऐष केली नाही हे खरं, अंगावर तोच जुना कोट असणार, पण मोठे बेत आणि ढिसाळ कारभार ह्यामुळं त्यांच्या मागून येणाऱ्या प्रत्येक बिशपच्या डोक्याला ताप झाला. मी स्वतः कॅथलिक आहे, घरात धर्मगुरू आहेत, त्यामुळं सांगतो की असा एक माणूस प्रत्येक धर्मप्रांतात असतो, लोक त्याच्यावर जीव टाकतात आणि ऑफिसवाले कपाळाला हात लावतात.

जुनी_वही

मान्य, हिशेबाच्या बाबतीत काहीही बचाव नाही. पण पॉवरशी पटलं नाही ह्यात एकट्या थेरीचा दोष काढू नका. १८२५ ला काय झालं ते सांगितल्याशिवाय ते कळत नाही.

१८२५ मध्ये कॅथलिक मुलांच्या शाळांसाठी एक सोसायटी काढायची म्हणून थेरीने सिडनी गॅझेट ह्या वर्तमानपत्राला मजकूर दिला, म्हणजे तीच अनाथालयाची जुनी ठसठस. त्यात अँग्लिकन पाद्र्यांबद्दल आपल्याला निःसंशय पूर्ण आदर आहे अशा अर्थाचं वाक्य होतं. छापून काय आलं तर बरोब्बर उलटं, आदर आहे पण हातचा राखून. जूनचा अंक. दुरुस्ती वगैरे कोण ऐकतो, आधीच ह्या माणसाला कंटाळलेले लोक टपूनच होते, तक्रार लंडनला गेली आणि वसाहत मंत्री लॉर्ड बॅथर्स्टने हुद्दा आणि पगार दोन्ही काढून घेतलं. एका छपाईच्या चुकीवर नोकरी! अर्थात चूक झाली नसती तरी दुसरं काहीतरी निमित्त सापडलंच असतं म्हणा.

आता बघा, सरकारच्या हिशेबी हा माणूस संपला. नवा गव्हर्नर डार्लिंग त्याला फादर मानायलाच तयार नाही. तुरुंगात, इस्पितळात जायला अडवणूक. असं सांगतात की इस्पितळाच्या दारात पहारेकऱ्याने अडवलं तर त्याला बाजूला सारून आत गेला, आत माणूस मरतोय तुझा हुकूम नंतर बघू म्हणत. पण कैद्यांच्या लेखी काहीच बदललं नाही, पॉवर आला तरी लोक जायचे थेरीकडंच, मग पॉवरला राग येणार नाही तर काय. एकाकडं शिक्का, दुसऱ्याकडं माणसं. बारा वर्षं हा बिनपगारी, बिनहुद्द्याचा फादर लोकांच्या वर्गणीवर जगला, १८३७ मध्ये त्याला परत सरकारी नेमणूक मिळाली. तोपर्यंत बर्क गव्हर्नर झाला होता, तो स्वतः आयरिश, प्रोटेस्टंट पण सगळ्या चर्चना सारखं वागवा ह्या मताचा, १८३६ च्या त्याच्या कायद्याने चर्च बांधायला लोकांनी जमवलेल्या रकमेएवढीच रक्कम सरकार घालणार, १००० पौंडांपर्यंत, आणि हे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, कॅथलिक तिघांनाही.

म्हणून मला वाटतं उलटी_गंगा म्हणतात तो आडमुठेपणा आणि ती चिकाटी ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. नियमाने चालणारा, हिशेबी, वरिष्ठांचं ऐकणारा फादर १८२५ ला गपचूप जहाजात बसून कॉर्कला परतला असता.

उलटी_गंगा

परतले असते किंवा पोल्डिंग यांच्यासारखं सगळ्यांशी जुळवून घेतलं असतं. बिशप पोल्डिंग १८३५ मध्ये आले ते इंग्लिश, बेनेडिक्टाइन ह्या कॅथलिक संन्याशांच्या पंथाचे, सरकारशी गोड बोलून कामं करून घेतली, आणि कैद्यांमध्ये काम त्यांनीही झटून केलंच की. हट्टीपणा म्हणजे धैर्य असं मी तरी धरणार नाही.

लाल_माती

थोडं अवांतर होतंय पण महत्त्वाचं वाटतं म्हणून लिहिते. ह्या वसाहतीबद्दल बोलताना तिची सीमा कुणाच्या अंगणात होती ते पण कथेत यायला हवं. थेरी ज्या काळात घोड्यावरून फिरत होता त्याच काळात, ऑगस्ट १८२४ मध्ये, डोंगरापलीकडच्या बॅथर्स्ट भागात गव्हर्नर ब्रिस्बेनने मार्शल लॉ (लष्करी कायदा) लावला होता, तिथल्या मूळच्या विरादजुरी लोकांविरुद्ध. फादरला मिळालेली जमीन, सुटलेल्या आयरिश कैद्याला मिळालेली जमीन, ही आधी कुणाची तरी होती. आयर्लंडमध्ये ज्यांची जमीन गेली तेच इथं दुसऱ्याच्या जमिनीवर बसले, आणि ह्याबद्दल त्यातले फार थोडे काही बोलले.

दुसऱ्या फादरचा नमुना हवा असेल तर ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेचा बघा, रोसेन्डो साल्वादो. स्पॅनिश, १८१४ चा, बेनेडिक्टाइन. १८३५ मध्ये स्पेनमधले मठ बंद झाले म्हणून इटलीला गेला आणि तिथून जानेवारी १८४६ मध्ये पर्थला. ह्याला कैद्यांकडं नाही, तिथल्या मूळच्या नूंगार लोकांकडं जायचं होतं. पर्थच्या उत्तरेला सव्वाशे-दीडशे किलोमीटर आत जंगलात मिशन टाकलं, पैसे संपले, खायला नाही, मग हा चालत पर्थला आला आणि काय केलं असेल तर पियानोचा जलसा! मे १८४६. फाटका झगा, बूट फाटलेले, तसाच बसून वाजवलं. हॉल गव्हर्नरने दिला, पियानो मर्सी सिस्टर्स ह्या कॅथलिक नन्सचा, मेणबत्त्यांचे स्टँड अँग्लिकन पाद्र्याने दिले आणि लोकांना जागा दाखवायला एक ज्यू गृहस्थ. सिडनीत एका वाक्यावरून नोकरी जाते आणि पर्थमध्ये असं, कारण पर्थ एवढं कंगाल होतं की भांडायला कुणाला परवडत नव्हतं. १८४७ मध्ये त्याच मिशनचा, न्यू नॉर्सियाचा मठ उभा राहायला लागला आणि तो अजून आहे.

साल्वादो नूंगार भाषा शिकला, त्यांच्या चालीरीतींबद्दल लिहून ठेवलं, त्यांना माणूस म्हणून वागवलं हे सगळे मान्य करतात. पण त्याच मिशनमध्ये पुढं मुलांना आईबापापासून वेगळं वसतिगृहात ठेवायचं सुरू झालं आणि त्याची जखम अजून भरलेली नाही. १८४९ मध्ये तो युरोपला गेला तेव्हा दोन नूंगार मुलगे, कोनाची आणि दिरिमेरा, ह्यांना घेऊन गेला, इटलीतल्या मठात शिकवायला. दोघंही काही वर्षांतच वारले, कोनाची तर तिकडंच. हेतू चांगला होता म्हणून हे बाजूला ठेवता येत नाही.

मिठाचा_खडा

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना थँक्स. लाल_माती, बॅथर्स्टचं पक्कं घेते, माझा नायक तसाही डोंगर ओलांडून तिकडंच चाललाय.

आता एक अडलंय ते विचारते. माझ्या कथेत कैदी बाई आहे, मेरी, कॅथलिक. तिला ज्याच्याशी लग्न करायचंय तो पलटणीतला शिपाई, प्रोटेस्टंट. साल १८२२. फादरने नियम मोडून गुपचूप लग्न लावलं असं दाखवलं तर चालेल का? आणि तो तिकडं का आला ह्याचं उत्तर कुणीच दिलं नाही!

जुनी_वही

का आला ह्याची एक प्रचलित गोष्ट आहे. थेरी कॉर्कला बिशपच्या ऑफिसात सचिव होता, आरामाची जागा. कॉर्कच्या बंदरातून कैद्यांची जहाजं सुटायची. रस्त्यात बेड्या घातलेल्या कैद्यांनी भरलेली गाडी दिसली, ह्याने दुकानातून प्रार्थनेची पुस्तकं घेतली आणि गाडीत टाकली, तेव्हापासून डोक्यात बसलं. खरं-खोटं सोडा, पण जहाजावरचं तर नोंदलेलं आहे. तो ज्या 'जेनस' जहाजाने आला त्यात शंभरेक कैदी बायका होत्या, पोचल्यावर त्यातल्या काही गरोदर निघाल्या, कप्तान आणि अधिकाऱ्यांवर चौकशी बसली आणि दोन्ही फादरनी साक्ष दिली. वसाहतीत पाऊल ठेवून पहिलं मोठं काम काय तर जहाजाच्या कप्तानाविरुद्ध जबानी. तुमची मेरी त्याच जहाजावरून आणा की.

लग्नाचं म्हणाल तर गुपचूप लावलं तर फादरची नोकरी जाईल हे खरं पण कथेला ते जरा सोपं होतं. त्यापेक्षा शिपाई काढा, तिचा नवरा पण कॅथलिक कैदीच करा. कैद्याला लग्नाला गव्हर्नरची परवानगी लागायची, अर्ज धर्मगुरूमार्फत जायचा. आणि अडचण कुठं यायची तर जहाजाच्या यादीत. येताना 'विवाहित' असं लिहिलं गेलं असेल तर परवानगी नाही, कारण बायको किंवा नवरा आयर्लंडला जिवंत. मग लोक काय करायचे तर घरून पत्र आलंय, पहिला नवरा वारला, असं दाखवायचे. त्यातली काही पत्रं खरी, काही इथंच कुणीतरी बसून लिहिलेली. असं एक पत्र घेऊन मेरी फादरच्या टेबलासमोर उभी आहे, शाई अजून ताजी दिसतेय आणि त्याला सही करायचीय.

मिठाचा_खडा

शिपाई काढला. यादीत 'विवाहित' हे मेरीनेच का लिहवलं असेल ते शोधतेय आता, एकट्या बाईला जहाजावर त्याचा काही फायदा व्हायचा का, कुणाला माहीत असेल तर सांगा.